घणाखालचा खांब

१. वाटसरूचा प्रश्न

खाडीकाठी पुलाचे किंवा बंदरात धक्क्याचे काम चालू असले, म्हणजे रस्त्याने जाणारा मनुष्य, त्याला कितीही निकड असो, क्षणभर तेथे थबकतोच. कारण उंच सांगाड्यात धरलेल्या काँक्रीटच्या लांबलचक खांबाच्या माथ्यावर कित्येक टनांचा घण एका लयीत आदळत असतो, दर तडाख्यासरशी तो खांब कधी वीतभर, कधी बोटभर जमिनीत उतरत असतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : एवढा मार खाऊन हा खांब फुटत कसा नाही? घराच्या काँक्रीटच्या पायरीवर पहार निसटून पडली तरी टवका उडतो, हा अनुभव सर्वांना आहे. मग शेकडो तडाखे सोसून जमिनीच्या पोटात अखंड पोहोचणारा हा खांब कोणत्या निराळ्या काँक्रीटचा केलेला असतो?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा नीट पाठपुरावा केला तर पायाशास्त्रातील एक मर्म हाती लागते. ज्याला आपण पाइल म्हणतो त्या खांबाची सर्वांत कठीण परीक्षा इमारत त्याच्यावर उभी राहिल्यानंतर होत नसते. साच्यातून तो प्रथम उचलला जातो तेव्हापासून त्याच्या माथ्यावर शेवटचा तडाखा बसेपर्यंतच्या थोड्याशा काळात ती होऊन जाते. पूर्वप्रतिबलित काँक्रीट, ज्याला कामावरची मंडळी प्रीस्ट्रेस्ड म्हणतात, ही मुख्यतः या प्रवासाची तजवीज आहे. तिचे इतर लाभ आहेत व ते मोठे आहेत; परंतु हा मुद्दा ध्यानात ठेवला तर पुढचे सर्व विवेचन सुगम होईल.

२. जमिनीत खांब कशासाठी?

जेथे वरचा थर गाळाचा, चिकणमातीचा किंवा भरावाचा असतो, तेथे इमारतीचा भार त्या थरावर ठेवणे धोक्याचे असते, म्हणून त्याच्या आरपार खांब उतरवून तो भार खालच्या घट्ट वाळूवर, मुरमावर किंवा कातळावर नेऊन सोडतात. आणि घट्ट थर फारच खोल असेल, तर खांबाच्या कडांना चिकटलेल्या मातीच्या घर्षणावर भिस्त ठेवतात. ही युक्ती पुरातन आहे. अ‍ॅमस्टरडॅममधील सतराव्या शतकातला राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. परंतु लाकूड सदैव पाण्याखाली राहिले तरच टिकते. भूजलाची पातळी उतरून त्याचा माथा उघडा पडला, की ते कुजू लागते. काँक्रीटला ही भीती नाही, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे पाइल युरोपात प्रचारात आले.

३. काँक्रीटचा स्वभाव

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. चांगल्या प्रतीचे काँक्रीट चिरडण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० किलोग्रॅम दाब लागतो. पण तेच काँक्रीट दोन्हीकडून ओढले, तर ३५-४० किलोग्रॅमलाच ते तुटते. हा दहास एक असा व्यस्त हिशेब काँक्रीटच्या सर्व बऱ्यावाईट इतिहासाच्या मुळाशी आहे.

ताण सोसण्यासाठी त्यात पोलादी सळया घालण्याची कल्पना फ्रान्समधील झोझेफ मोनिये या माळीकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६७ मध्ये कुंड्यांच्या पेटंटाद्वारे रूढ केली, आणि तिने बांधकामाचे जग बदलले. परंतु या योजनेत एक उणीव उपजतच आहे. साधी सळई आपल्या अंगावर नेमून दिलेला ताण घेते तेव्हा ती दहा हजारांत सात भाग लांबते. भोवतालचे काँक्रीट मात्र दहा हजारांत एक-दीड भाग लांबले की तडकते. अर्थात सळई खऱ्या अर्थाने कामास लागते ती काँक्रीटला तडे गेल्यानंतरच. घरातल्या तुळईच्या अंगावरचे असले केसाएवढे तडे निरुपद्रवी असतात. पण तोच तडा समुद्रात उभ्या असलेल्या पाइलाला गेला, तर खारे पाणी थेट सळईपर्यंत जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो, आणि आतूनच वरच्या काँक्रीटचे पापुद्रे निघू लागतात.

४. लोहाराची धाव

आता असा विचार करा, की ताण येणारच आहे हे ठाऊक असताना काँक्रीटला आगाऊच भरपूर दाबून ठेवले तर काय होईल? नंतर येणारा ताण प्रथम तो साठवलेला दाब कमी करण्यात खर्ची पडेल, आणि दाब पुरता संपेपर्यंत काँक्रीटला ताणाची झळ लागणारच नाही.

हीच विद्या आपल्या खेड्यातील लोहार-सुतारांना पिढ्यान् पिढ्या अवगत होती. बैलगाडीच्या चाकाचे तुंबा, आरे आणि पुठ्ठे ही सारी लाकडे सुताराने एकमेकांत बसवून दिली, तरी ती नुसत्या सांध्यांवर खडबडीत रस्त्याने टिकणार नाहीत. म्हणून लोहार लोखंडाची धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवतो, फुगलेल्या स्थितीत चिमट्यांनी चाकावर चढवतो आणि लगेच तिच्यावर पाणी ओततो. धाव आकसते, लाकडे करकरतात, प्रत्येक सांधा दाबाखाली येतो. पुढे चाक खड्ड्यात आपटले, तरी धक्क्याने सांधे उघडण्याऐवजी आधीचा दाब तेवढा सैल होतो. धाव ताणलेली आणि लाकूड दाबलेले, या कायमच्या ओढाताणीतूनच चाकाची मजबुती निर्माण होते. प्रीस्ट्रेस्ड पाइलात पोलादी तारा धावेच्या जागी आहेत आणि काँक्रीट लाकडाच्या जागी.

कल्पना इतकी सरळ असताना ती सिद्धीस जाण्यास अर्धशतक का लागले? १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक्सनने आणि १८८८ मध्ये बर्लिनच्या डोरिंगने असे पेटंट घेतले होते; परंतु काही काळाने तारांतला ताण नाहीसा झालेला आढळे. त्याचे कारण उलगडले ते उझेन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्यास. आलिये नदीवर ल व्हर्द्र येथे त्याने १९१२ च्या सुमारास बांधलेल्या पुलाच्या कमानी वाहतूक सुरू झाल्यावर काही महिन्यांतच खचू लागल्या. माथे सुमारे १३ सेंटिमीटर उतरले. फ्रेसिनेने कमानींच्या माथ्याशी जॅक लावून त्या पुन्हा उचलल्या आणि पूल वाचवला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सततच्या दाबाखाली काँक्रीट वर्षानुवर्षे हळूहळू आखडत जाते, हे तत्कालीन ग्रंथांनी न मानलेले सत्य त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले.

यातून निघणारा हिशेब अगदी सोपा आहे. काँक्रीट वाळताना व दाबाखाली मिळून दहा हजारांत सुमारे आठ भाग आखडते, असे धरू. त्याला चिकटलेली पोलादी तारही तितकीच आखडते, आणि तिच्यातला ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,६०० किलोग्रॅमने उतरतो. साध्या सळईत मुळात १,४०० चाच ताण भरलेला असेल, तर सारे भांडवल बुडाले. उलट उच्च ताणशक्तीच्या तारेत १२,००० चा ताण भरला असेल, तर १,६०० वजा जाऊनही १०,४०० शिल्लक उरतात. फ्रेसिनेने १९२८ मध्ये जे पेटंट घेतले, त्याचे सार हेच : पोलाद उत्तमातले उत्तम घ्या, आणि ते कसून ताणा.

५. पाइल तयार होतो कसा?

कारखान्याच्या आवारात शंभर मीटरांहूनही लांब असा काँक्रीटचा सपाट ओटा असतो. त्याच्या दोन्ही टोकांस भक्कम आधार रोवलेले असतात, आणि सात तारांचे पीळ घालून केलेले पोलादी दोर, ज्यांना स्ट्रँड म्हणतात, एका आधारापासून दुसऱ्यापर्यंत ओढून जॅकने ताणतात. ताणताना कोणासही ओट्याच्या सरळ रेषेत उभे राहू देत नाहीत, कारण स्ट्रँड सुटला तर तो प्राणघातक ठरतो. मग एकापाठोपाठ एक साचे लावून त्यांत काँक्रीट ओततात, ते कंपकाने बसवतात, वर ताडपत्री झाकून खालून वाफ सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नमुन्याचे ठोकळे दाबून पाहून काँक्रीट पुरेसे पक्व झाल्याची खात्री पटली, की टोकांकडचा ताण बेताबेताने सैल करतात. त्या क्षणी स्ट्रँड मूळ लांबीवर येऊ पाहतात, पण आता काँक्रीटने त्यांना अंगभर घट्ट धरलेले असते. म्हणून ते काँक्रीटलाच आपल्याबरोबर आवळतात. पाइलाच्या अगदी टोकाशी ही पकड शून्यापासून सुरू होऊन पाऊण मीटरच्या आत पूर्णत्वास पोहोचते. तेवढ्या भागात आडव्या तारेचे वेटोळे दाट ठेवतात.

आता आकडे घेऊ. पाइल ४० सेंटिमीटर चौरस, २० मीटर लांब. त्याचा छेद १,६०० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर कायमचा ६० किलोग्रॅम दाब राहावा अशी अपेक्षा असेल, तर एकूण ९६ टन लागतील. एका स्ट्रँडचा छेद सुमारे एक चौरस सेंटिमीटर व त्यात टिकणारा ताण सुमारे १० टन. म्हणजे दहा स्ट्रँड पुरेत. भारतीय प्रमाणसंहितेप्रमाणे याच पाइलात साध्या सळया घालायच्या, तर लांबी रुंदीच्या चाळीस पटींहून अधिक असल्यामुळे छेदाच्या दोन टक्के, म्हणजे ३२ चौरस सेंटिमीटर पोलाद लागते. वजनात हा फरक एका पाइलामागे सुमारे ५०० किलोग्रॅमच्या जागी १५५ किलोग्रॅम असा पडतो. उच्च ताणशक्तीचे पोलाद महाग असते खरे. तरीही मक्तेदाराच्या खर्चाच्या तपशिलात ही बचत नजरेत भरते.

६. उचलताना

हा पाइल आठ टनांचा आहे. तो आडवा पडलेला असतो तेव्हा सुखरूप असतो. क्रेनने उचलताच स्वतःच्याच वजनाने तो वाकू लागतो आणि त्याच्या एका अंगास ताण येतो. दोन्ही टोकांना दोर बांधून उचलला, तर मध्यभागी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १८७ किलोग्रॅम ताण येईल. कोणतेही काँक्रीट तो सोसणार नाही. म्हणून दोर प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे पाचव्या हिश्शावर बांधतात. तेवढ्याने ताण ३२ वर येतो. उभा करण्यासाठी मात्र त्याला एकाच ठिकाणी धरावे लागते, आणि तेव्हा अगदी योग्य जागी धरले तरी ताण ६४ होतो. साध्या काँक्रीटची मर्यादा ३५-४० ची. म्हणजे सळयांचा पाइल कामाच्या जागी उभा राहण्यापूर्वीच तडकलेला असू शकतो, आणि हे तडे मातीखाली गेल्यावर कोणालाही दिसत नाहीत. पूर्वदाब ६० असेल, तर ६४ मधून ६० वजा जाऊन शिल्लक ताण अवघा चार राहतो. दोर बांधण्याच्या जागा पाइलावर रंगाने खुणावून ठेवतात, आणि त्या खुणांना मुकादमाने हुकुमाइतका मान द्यावा, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे.

७. घणाखाली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घणाचा तडाखा माथ्यावर बसला, म्हणजे सबंध पाइल एकदम खाली सरकतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः दाबाची एक लाट माथ्यापासून निघून काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने खाली धावते, आणि २० मीटरचा पाइल ती सेकंदाच्या दोनशेव्या भागात पार करते. खाली कठीण थर असेल, तर ती दाबाचीच लाट होऊन परत फिरते, व काँक्रीट दाबाला समर्थ असल्याने फारसे बिघडत नाही. परंतु टोक अजून मऊ गाळात असेल, तर टोकाला अडवणारे कोणी नसल्यामुळे तीच लाट ताणाची होऊन वर परतते. म्हणजे पाइलाला खरा धोका जमीन कठीण लागते तेव्हा नसून ती फार मऊ लागते तेव्हा असतो! काम सुरळीत चालले आहे, पाइल भराभर उतरतो आहे, म्हणून सर्वजण निर्धास्त असतात, आणि नेमक्या त्याच वेळी मध्यभागी आडवा तडा जातो.

इंग्लंडातील इमारत-संशोधन केंद्रात ग्लॅनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठोकल्या जाणाऱ्या पाइलांतील ही बले मोजून १९३८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आणि अमेरिकेत ई. ए. एल. स्मिथ या अभियंत्याने या लाटांचे गणित यंत्रगणकाने सोडवण्याची रीत १९६० मध्ये मांडली, ती आज जगभर चालते.

समजा, परतणाऱ्या लाटेचा ताण ८० आहे. सळयांचा पाइल ३५-४० लाच तडकला. प्रीस्ट्रेस्ड पाइलात ८० मधून ६० गेले, उरले २०. काँक्रीटने ते सहज सोसले. आणि कदाचित एखादा तडाखा प्रमाणाबाहेर गेला व केसाएवढा तडा पडलाच, तरी लाट ओसरताच ताणलेले स्ट्रँड तो पुन्हा मिटवतात. मात्र याचा अर्थ पाइल कसाही बडवावा असा नव्हे. माथ्यावर लाकडी गादी ठेवलीच पाहिजे. ती तडाख्यांनी चेपते, काळी पडते, तिच्यातून धूरही निघतो, आणि वेळेवर बदलावी लागते. मऊ थरात घण कमी उंचीवरून सोडावा. गादी बदलण्याच्या आळसाने जितके माथे फुटले असतील, तितके सदोष काँक्रीटने फुटले नसतील.

८. दोन ठिकाणी लाभलेला पडताळा

फ्रेसिनेच्या पेटंटाला आरंभी कोणी विचारले नाही. विजेचे खांब बनवण्याचा त्याचा कारखाना आर्थिक दृष्ट्या बुडाला. अशा वेळी १९३४ मध्ये ल आव्र बंदरात, ‘नॉर्मांडी’ या प्रचंड आगबोटीसाठी बांधलेले नवे उतारूगृह महिन्याला सुमारे २५ मिलिमीटर या वेगाने खचू लागले, आणि बोटीची पहिली सफर १९३५ च्या मे महिन्यात ठरलेली होती. फ्रेसिनेने सुटे सुटे पाये पूर्वदाबाने एकसंध जखडले, त्यांत भोके ठेवली, आणि त्या भोकांतून पोकळ प्रीस्ट्रेस्ड पाइल तुकड्यातुकड्याने जागेवरच ओतून, वाफेने तासांत पक्के करून, इमारतीच्याच वजनाचा रेटा घेत जॅकने खालच्या घट्ट थरापर्यंत दाबत नेले. खचणे थांबले. ज्या तंत्राला बाजारात गिऱ्हाईक नव्हते, त्याची कीर्ती जमिनीखालच्या या कामामुळे झाली, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सजवळच्या पॉन्चरट्रेन सरोवराचे. तळाशी खोल गाळ, आणि त्यावर सुमारे ३८ किलोमीटर लांबीचा पूल. १९५६ मध्ये खुल्या झालेल्या या पुलासाठी १.३७ मीटर व्यासाचे आणि अवघ्या पाच इंच जाडीच्या कवचाचे पोकळ पाइल वापरले. सोळा फुटी नळ्या साच्यात गरगर फिरवून ओतायच्या, म्हणजे काँक्रीट कडेला दाबले जाऊन जादा पाणी निघून जाते. मग त्या ओळीने मांडून कवचातील भोकांतून तारा ओवायच्या व ताणायच्या, की एकसंध पाइल तयार. हिशेब करून पाहिला, तर अशा पाइलात भरीव पाइलाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढेच काँक्रीट लागते. घेर मात्र तेवढाच राहतो, आणि गाळात भार पेलण्याचे काम घेरावरच्या घर्षणाचे असते. किनाऱ्यावरील कारखान्यात पाइल करायचे, तराफ्यांनी न्यायचे, ठोकायचे, वर पुलाचे तयार भाग ठेवायचे. पाण्यात साचा बांधण्याची गरजच नाही. पुढे जपानने हेच फिरवण्याचे तंत्र उच्च दाबाच्या वाफेशी जोडून दर चौरस सेंटिमीटरला ८०० किलोग्रॅम शक्तीचे पाइल सर्रास बनवले.

९. कोठे योजू नये

या पाइलाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नमूद केल्या पाहिजेत. आगाऊ दिलेला दाब हा काँक्रीटच्या दाबशक्तीतूनच खर्च होतो, म्हणून इमारतीचा भार पेलण्याची त्याची क्षमता काही अंशी घटते. लांबीचा अंदाज चुकून माथा तोडावा लागला, तर नव्या टोकाशी पकड पुन्हा शून्यापासून सुरू होते. आणि लांबी कमी पडली तर जोडकाम कटकटीचे असते. ठोकण्याचे हादरे जुन्या वस्तीला सोसत नाहीत. मोठे दगड लागले की पाइल वाकडा जातो.

मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत गाळाखाली काही मीटरांवर झिजलेला मुरूम व त्याखाली काळा कातळ लागतो. ठोकलेला पाइल कातळात शिरत नाही. तेथे भोक पाडून, कातळात खोबण करून, जागेवरच काँक्रीट ओतलेला पाइल श्रेष्ठ ठरतो. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे पाइल याच रीतीने कातळ कोरून घातलेले आहेत, आणि तो निर्णय योग्यच होता.

दुसरी सावधगिरी गंजाविषयी. पणजीचा मांडवीवरील १९७० चा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्यात वरच्या भागातील ताणलेल्या तारांचा गंज कारणीभूत ठरला. तो दोष पाइलांचा नव्हता. परंतु ताणलेली बारीक तार जाड सळईपेक्षा गंजाला लवकर बळी पडते, हा धडा सर्व पूर्वप्रतिबलित कामांस लागू आहे. पाइलात ही भीती कमी असते, ती केवळ तडे मिटलेले राहतात आणि काँक्रीट घट्ट असते म्हणून. तारांवरचे आवरण पातळ ठेवून किंवा सिमेंट वाचवून ती हमी कोणी मोडू नये.

तेव्हा खाडीकाठी किंवा बंदरालगत बांधकाम करू पाहणाऱ्या वाचकाने, कोणता पाइल स्वस्त हे विचारण्यापूर्वी, आपल्या अभियंत्याकडून भूस्तर-तपासणीचा अहवाल मागून घ्यावा व त्यात तीन गोष्टी पाहाव्यात : गाळ किती खोल आहे, त्याखाली कातळ आहे की वाळू, आणि पाण्यात क्षार किती आहेत. गाळ खोल, खाली घट्ट वाळू, पाणी खारे आणि आसपास हादऱ्यांना भिणारी वस्ती नाही, अशी स्थिती असेल, तर प्रीस्ट्रेस्ड पाइलाइतका भरवशाचा दुसरा पाइल माझ्या मते नाही.